लहान शहराची माहितीपुस्तिका कशी तयार करावी : सावंतवाडीच्या उदाहरणाने

सावंतवाडीत मुरलेल्या माणसाला अशा पुस्तिकेची गरज भासत नाही. ती लागते बदलीवर आलेल्या कर्मचाऱ्याला, नव्या भाडेकरूला आणि चतुर्थीपुरते घर उघडून पंप बंद पडल्याचे पाहणाऱ्या चाकरमान्याला. त्यामुळे कोणती नोंद घ्यावी आणि कोणती गाळावी, हे या तिघांना नजरेसमोर ठेवूनच ठरवावे.

प्रथम हद्द निश्चित करावी. सावंतवाडी रोड हे रेल्वेस्थानक शहरात नसून मळगावला आहे, त्यामुळे केवळ नगरपरिषदेची हद्द धरली तर रात्री गाडीतून उतरणाऱ्याला हवी असलेली रिक्षाची माहितीच सुटते. हद्द ठरली की सालईवाडा, माठेवाडा, उभाबाजार, चितारआळी अशा वाड्या-आळ्या वाटून घेऊन पायी फिरावे. पत्ता लिहिताना शेजारच्या दुकानाची खूण देऊ नये, कारण दुकाने बदलतात; मोती तलाव, देऊळ, शाळा किंवा चौक यांची खूण टिकते.

दुकानाच्या नोंदीत नाव आणि क्रमांक यांपेक्षा वेळ महत्त्वाची असते. कोकणात दुपारी दुकान बंद ठेवण्याची पद्धत अजून अनेक ठिकाणी पाळली जाते, म्हणून सकाळची व संध्याकाळची वेळ स्वतंत्र लिहावी आणि साप्ताहिक सुट्टीही नोंदवावी. चितारआळीतील लाकडी खेळण्यांच्या दुकानांबाबत तिथे केवळ विक्री होते की मागणीप्रमाणे वस्तू घडवूनही मिळते, हे विचारून घ्यावे. खरी मेहनत आहे ती पाटी नसलेल्या माणसांना शोधण्यात : पंपाची मोटार बांधून देणारा, विहीर उपसणारा, माडावर चढणारा, घरातून वड्याचे पीठ आणि मालवणी मसाला विकणारी बाई. मात्र त्यांचा क्रमांक त्यांच्या स्पष्ट संमतीशिवाय छापू नये, आणि घरगुती व्यवसाय असेल तर फोन कोणत्या वेळी चालेल हेही विचारावे. जाहिराती घ्यायच्या असल्यास त्यांची पाने वेगळी ठेवावीत. पैसे देणाऱ्याचे नाव यादीत वर गेले की वाचकाचा विश्वास उडतो, आणि गावात ही गोष्ट लपून राहत नाही.

चर्चची नोंद करताना एका घोटाळ्यापासून सावध राहावे. येथील मिलाग्रिस चर्च हे सिंधुदुर्ग धर्मप्रांताचे, म्हणजे एका बिशपच्या अखत्यारीतील कॅथलिक क्षेत्राचे, मुख्य चर्च आहे. हा धर्मप्रांत पुणे धर्मप्रांतातून वेगळा होऊन २००५ मध्ये स्थापन झाला. त्यामुळे धर्मप्रांताचे कार्यालय आणि स्थानिक चर्चचे कार्यालय यांच्या नोंदी स्वतंत्र कराव्यात. बाप्तिस्म्याचा दाखला हवा असणाऱ्याने ज्या चर्चमध्ये बाप्तिस्मा झाला तेथील कार्यालयाकडे जायचे असते, ही एक ओळ छापली तरी पुष्कळ हेलपाटे वाचतील. मिस्साची, म्हणजे कॅथलिक चर्चमधील सामूहिक उपासनेची, वेळ भाषेसह लिहावी, रविवार आणि इतर दिवस वेगळे दाखवावेत, आणि नाताळ व पवित्र आठवड्यात (ईस्टरपूर्वीच्या आठवड्यात) वेळा बदलतात हे नमूद करावे. प्रोटेस्टंट मंडळीची नोंद करताना ‘मिस्सा’ न लिहिता ‘उपासना’ लिहावे. धर्मगुरूंचा खासगी क्रमांक देण्यात अर्थ नाही, कारण त्यांच्याही बदल्या होतात. कार्यालयाचा क्रमांक द्यावा. देवळे आणि मशिदी यांनाही हाच नियम लावावा.

सार्वजनिक सेवांपैकी आणीबाणीसाठी ११२, रुग्णवाहिकेसाठी १०८ आणि लहान मुलांच्या मदतीसाठी १०९८ हे क्रमांक पहिल्या पानावर ठळक अक्षरांत असावेत. पावसाळ्यात सर्पदंशाचे रुग्ण येतात, म्हणून प्रतिसर्पविष लस रात्रीसुद्धा कोठे उपलब्ध असते, हे रुग्णालयांत प्रत्यक्ष जाऊन विचारावे. ऐकीव माहिती इथे चालत नाही. नगरपरिषदेच्या नोंदीत जन्म-मृत्यूची नोंदणी २१ दिवसांच्या आत करायची असते, हेही लिहावे. टपाल कार्यालय आणि वाचनालय यांना एकेक ओळ पुरे.

छपाईपूर्वी प्रत्येक क्रमांक कामाच्या दिवशी एकदा लावून पाहावा आणि प्रत्येक पानाच्या तळाशी पडताळणीचा महिना व वर्ष छापावे. पहिल्या खेपेस थोड्याच प्रती काढाव्यात. एक प्रत वाचनालयात दोरीने बांधून, शेजारी पेन्सिल ठेवावी. दुरुस्त्या लोक स्वतःच लिहून जातात, आणि पुढच्या आवृत्तीचे निम्मे काम तिथेच होते.