‘शिष्टाई’ हा शब्द नेमका कसा वापरावा

दोन पक्षांत बिनसलेले असताना एकाच्या वतीने दुसऱ्याकडे जाऊन सलोख्याची बोलणी करणे म्हणजे शिष्टाई. म्हणून हा शब्द लिहिण्यापूर्वी, जाणाऱ्याला कोणी पाठवले आहे, हे आधी पाहावे. मध्यस्थाने दोन्ही बाजूंपासून सारखे अंतर राखावे अशी अपेक्षा असते. शिष्टाई करणाऱ्यावर ते बंधन नाही. महाभारताच्या उद्योगपर्वातील कृष्ण हस्तिनापुरास गेला तो उघडपणे पांडवांच्या वतीने. दुर्योधनाने भोजनाचा आग्रह केला, तेव्हा दूत कार्य सिद्धीस गेल्यावरच जेवतात, असे सांगून त्याने तो मोडून काढला आणि विदुराघरी जेवला. बोलणे मृदू, पण मिंधेपणा नाही, ही शिष्टाईची खूण तेव्हापासूनची आहे. ती शिष्टाई फळाला आली नाही, तरी ‘कृष्णशिष्टाई’ हा शब्द मराठीत टिकला; तेव्हा प्रयत्न फसला तरी शब्द बदलण्याचे कारण नाही.

व्युत्पत्ती सांगताना मात्र जपून राहावे. ‘शास्’ म्हणजे शिकवणे, वळण लावणे. त्यापासून ‘शिष्ट’, म्हणजे वळण लागलेला, आणि त्याला ‘चतुराई’तला ‘आई’ हा प्रत्यय. शिष्य, शासन, शास्त्र ही याच घरची मंडळी. ‘उच्छिष्ट’ आणि ‘अवशिष्ट’ यांतला ‘शिष्ट’ वेगळा. तो ‘शिष्’ म्हणजे उरणे या धातूचा, आणि आपले ‘उष्टे’ त्यातूनच आले. त्यात बोलीने आणखी एक गंमत केली आहे: ‘ती जरा शिष्टच आहे’ यात कौतुक नसून टोमणा असतो. त्यामुळे शिष्टाईच्या जागी ‘शिष्टपणा’ लिहिल्यास अर्थ पार उलटतो.

‘मुत्सद्देगिरी’ हा पर्याय सरसकट वापरू नये. अरबीतून फारसीमार्गे आलेला ‘मुत्सद्दी’ मोगल कारभारात अधिकारी होता, सुरत बंदराचा कारभार पाहणाराही मुत्सद्दीच. मराठीत मात्र तो राजकारणधुरंधर झाला. मुत्सद्देगिरी हा अंगचा गुण, शिष्टाई ही प्रत्यक्ष केलेली कामगिरी.

निवडणुकीच्या दिवसांत तिकीट न मिळालेल्या इच्छुकाला त्याच्याच पक्षाचा नेता समजवायला गेला, की बातमीत ‘शिष्टाई’ छापून येते. तिथे कोणी कोणाच्या वतीने गेलेले नसते. त्याला मनधरणी म्हणावे.