रेन गार्डनमध्ये नुसती माती नको, पाणी गाळणारं मिक्स असं बनवा

आमच्या सोसायटीत पार्किंगचं पाणी जिरवायला रेन गार्डन, म्हणजे पावसाचं पाणी वळवून गाळायचा-जिरवायचा झाडं लावलेला खड्डा, केलं तेव्हा खड्ड्यात खाली खडी, वर काळी माती आणि त्यात भरपूर शेणखत असं भरलं होतं, आणि पहिल्याच मोठ्या पावसात पाणी दोन दिवस तसंच साचून राहिलं. खालच्या पाइपातून जे थोडं बाहेर आलं ते चहासारखं तांबूस. म्हणजे साफ करायच्या पाण्यात आम्हीच खताचा अर्क मिसळला होता! काळी माती भिजली की फुगते आणि पाण्याची वाटच बंद करते, हे तेव्हा नीट कळलं.

रस्त्याच्या पाण्यात टायर झिजून आलेलं जस्त, ब्रेक पॅडमधलं तांबं, गळलेलं ऑइल, लॉनचं खत असं बरंच काही असतं. गाळ वाळूत अडकतो, पण खतातलं विरघळलेलं फॉस्फेट आणि धातू नुसत्या वाळूला दाद देत नाहीत. अमेरिकेत सिएटलकडे पावसानंतर ओढ्यात कोहो सामन मासे मरायचे, त्यामागे टायरमधल्या रसायनापासून बनणारं विष आहे हे 2020 मध्ये सापडलं. आणि तिथल्याच प्रयोगात रस्त्याचं पाणी वाळू-कंपोस्टच्या थरातून गाळून घेतल्यावर त्यात मासे जगले. एवढी ताकद या थरात आहे, म्हणून तो मन लावून बनवा.

आधी वाळू. क्रश सँड चालते पण धुतलेलीच घ्या, बारीक कच राहिली तर सगळं चोंदतं. बाटलीत थोडी वाळू आणि पाणी घालून हलवा, दुसऱ्या दिवशी वर चिखलाचा जाड थर दिसला तर परत धुवा.

मग मिक्स: 7 घमेली वाळू, 2 घमेली पोयटा किंवा लाल माती, 1 घमेलं पालापाचोळ्याचं पूर्ण कुजलेलं कंपोस्ट. शेणखत नको, कंपोस्टही याहून जास्त नको, कारण त्यातलंच नत्र-फॉस्फरस पाण्यात उतरतं. यात अर्धं ते एक घमेलं लाकडी कोळसा ज्वारीच्या दाण्याएवढा कुटून, भुकटी धुऊन टाका, ऑइल आणि इतर रसायनं तो धरून ठेवतो.

फॉस्फेटसाठी लोखंड लागतं. अमेरिकेत मिनेसोटात वाळूत वजनाच्या साधारण 5 टक्के लोखंडाचा कीस मिसळतात, तो गंजतो आणि त्या गंजाला फॉस्फेट चिकटतं. आपल्याकडे लेथवाल्याकडे कीस मिळतो, फक्त त्यावर कटिंग ऑइल असतं ते साबणाच्या पाण्याने पूर्ण काढा आणि ते धुण्याचं पाणी गटारात सोडू नका. कोकण-गोव्यात असाल तर जांभ्याचा चुरा वापरून बघा, त्यात लोह आणि ॲल्युमिनियमचे ऑक्साइड मुळातच असतात. लोखंड मिसळलेला थर मात्र सतत पाण्यात बुडालेला नको, हवा मिळाली नाही की धरलेलं फॉस्फेट परत सुटतं.

खड्ड्यात भरायच्या आधी टेस्ट कराच, ही पायरी सोडू नका प्लीज. बुडाला भोकं पाडलेल्या बादलीत थोडी खडी, वर फूटभर मिक्स, दोन-तीनदा पाणी ओतून बसू द्या आणि मग वर 10 सेंमी पाणी भरून घड्याळ लावा. 20 मिनिटं ते तासाभरात उतरलं तर झकास, पाचच मिनिटांत गेलं तर थोडी माती वाढवा, दोन-तीन तास लागले तर वाळू. खाली आलेलं पाणी काचेच्या ग्लासात बघा, तिसऱ्यांदाही तांबूस असेल तर कंपोस्ट कमी करा.

भरताना तळाला 20 मिमी खडी, त्यावर चार बोटं ग्रिट म्हणजे बारीक खडी, मग दीड-दोन फूट मिक्स. थरांच्या मध्ये गाळणीचं कापड घालू नका, तेच आधी चोंदतं. आणि धुम्मस तर अजिबात नको, पाण्यानेच बसू द्या. वाळा आणि गवती चहा लावा, मुळं जमीन मोकळी ठेवतात. पाऊस थांबल्यावर वरचं पाणी 24 तासांत गेलंच पाहिजे, नाहीतर डासांची सोय होते.

दरवर्षी मे महिन्यात वरचा दोन-तीन बोटं थर खरवडून नवं मिक्स टाका, बहुतेक धातू आणि गाळ तिथेच अडकलेला असतो. म्हणूनच तो खरवडलेला गाळ भाजीच्या वाफ्यात अजिबात टाकायचा नाही.