ज्वारी उभी होती तोवर

पत्रकारितेच्या दुसऱ्या वर्षाला प्रकल्प म्हणून आम्हा पाच जणांना एक म्युझिक व्हिडिओ करायचा होता. हाताशी वर्गणीचे साडेनऊ हजार रुपये, दोन फोन आणि एका मित्राच्या काकांचा जुना कॅमेरा. छत्रपती संभाजीनगरात शिकणाऱ्या कुणाच्याही डोक्यात आधी येतील तीच नावं आमच्याही आली: बीबी का मकबरा, दौलताबाद, वेरूळ. ही ठिकाणं भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या अखत्यारीत आहेत. शूटिंगसाठी आधी अर्ज करायचा, परवानगी घ्यायची, शुल्क भरायचं. एवढं कळून घेण्यात आमचा पहिला आठवडा गेला.

मग गाणारी मैत्रीण म्हणाली, "आमच्या गावाकडं चला की." अंबाजोगाईजवळ तिचं गाव. घरची रब्बी ज्वारी, आणि आज्जी राहते ते माळवदाचं, म्हणजे मातीच्या सपाट छताचं घर. नव्यानं करणाऱ्यांना माझं पहिलं सांगणं हेच, की जिथं आपलं माणूस आहे ते गाव धरा. भाडं वाचतं, ते सोडाच. पहाटे सहाला दार उघडणारं, शेजारच्या रानात पाय ठेवण्याआधी त्या मालकाला विचारून ठेवणारं, दुपारी भाकरी टाकणारं कुणीतरी तिथं असतं.

गाणं आमचंच होतं. शब्द वर्गातल्या मित्राचे, चाल मैत्रिणीची, धृपदाला आज्जीची जात्यावरची ओवी. गाण्यावर तीन वेगवेगळे हक्क असतात, शब्दांचा, चालीचा आणि ध्वनिमुद्रणाचा, हे आधी समजून घ्या. आपल्याकडं कवीचा आणि संगीतकाराचा हक्क त्याच्या हयातीत आणि मृत्यूनंतर ६० वर्षं राहतो. परंपरेनं आलेली ओवी सगळ्यांची असते, पण तिचं कुणी केलेलं ध्वनिमुद्रण सगळ्यांचं नसतं. "खाली श्रेय दिलं की चालतं" हे मी अजूनही ऐकते. ते चालत नाही. दोस्तीतलं गाणं असलं तरी एका कागदावर दोघांच्या सह्या घेऊन ठेवा. आम्ही घेतल्या.

खरं काम वहीत झालं. गाणं ३ मिनिटं ४० सेकंदांचं, म्हणजे २२० सेकंद. एक शॉट सरासरी चार सेकंद धरला तर ५५ शॉट लागतात, आणि दोन दिवसांत ५५ धड शॉट म्हणजे तारांबळ. म्हणून आम्ही रेघांच्या वहीत पाच रकाने आखले: कितवं सेकंद, कोणते शब्द, काय दिसतंय, कुठं, आणि सूर्य कोणत्या बाजूला. त्या शेवटच्या रकान्यानं आम्हाला तारलं. फेब्रुवारीत रानात सात ते साडेआठचं ऊन तोंडावर छान पडतं; दहानंतर डोळ्यांखाली काळ्या सावल्या येतात आणि माणूस डोळे बारीक करून गातो. तेव्हा रानातलं सगळं सकाळ-संध्याकाळ आणि घरातलं सगळं दुपारी.

घरातली ती दुपार सांगायलाच हवी. माळवदात उजेडासाठी झरोका असतो. पाहणीला गेलो त्या दिवशी मी घड्याळ घेऊन ओसरीत नुसती बसून राहिले. उन्हाचा कवडसा भिंतीवरून खाली उतरत पावणेबाराला जात्यापाशी आला आणि साडेबाराला पलीकडं सरकला. पाऊण तास. शूटिंगच्या दिवशी साडेअकरालाच आज्जींना जात्यावर बसवलं. त्या दळायला लागल्या तसं पीठ उडालं आणि कवडशाची धार धुरासारखी उभी राहिली. लाईट एकही नव्हता. मित्रानं फक्त समोरून थर्माकोलचा पांढरा तक्ता धरला, म्हणजे चेहऱ्याची अंधारी बाजू उजळली. पाहणीचा दिवस वाचवू नका, अगदी पदरचे पैसे घालून जावं लागलं तरी.

फोनवर घेत असाल तर फोकस, एक्स्पोजर (चित्र किती उजळ) आणि व्हाईट बॅलन्स (रंगाची छटा) तिन्ही लॉक करा, नाहीतर ढग आला की चित्राचा रंग बदलतो. रात्री बल्ब-ट्यूबखाली पट्टे दिसले तर शटरचा वेग १/५० किंवा १/१०० सेकंदावर आणा. आपली वीज ५० हर्ट्झची आहे, दिवे तिच्या लयीत लुकलुकतात.

आता आमची चूक. शूटिंगला गेलो तेव्हा गाणं कच्चं होतं. त्यावरच ओठ हलवून घेतले. परत आल्यावर मैत्रिणीनं गाणं नीट ध्वनिमुद्रित केलं, आणि दुसऱ्या कडव्यात दोन जागी हरकती, म्हणजे सुरांची छोटी वळणं, बदलल्या. सुंदर बदलल्या. पण एडिटिंगला बसलो तर त्या कडव्यात ओठ एकीकडं आणि आवाज एकीकडं. वेग कमी-जास्त करून हे जुळत नाही, कारण गळाच वेगळा चाललेला असतो. तीन आठवड्यांनी आम्ही तिघं परत गेलो, तर ज्वारी काढून झालेली! जिथं कणसं डोक्याच्या वर डुलत होती तिथं सड आणि कडब्याच्या पेंढ्या. मैत्रीण बांधावर बसून रडली. शेवटी दुसरं कडवं आम्ही कडब्याच्या गंजीपाशी घेतलं आणि ओळींचा क्रम सांभाळून सुगीनंतरचं म्हणून बसवलं. ते वाईट दिसत नाही, पण मनात होतं ते उभ्या ज्वारीतलं कडवं गेलं ते गेलंच. पक्कं गाणं हातात आल्याशिवाय शूटिंगची तारीख ठरवू नका. आणि पिकात घेणार असाल तर काढणी कधी आहे ते आधी विचारा.

दुसऱ्या खेपेला दोन गोष्टी बरोबर केल्या. मोठा स्पीकर नेला आणि तिला खरोखर मोठ्यानं गायला लावलं. नुसते ओठ हलवले की मानेच्या शिरा ताणत नाहीत, बघणाऱ्याला ते कळतं. दुसरं, संथ चालीचे शॉट. पदर सावकाश उडतोय आणि ओठ मात्र गाण्याशी जुळलेत, हे हवं असेल तर गाणं दुप्पट वेगानं वाजवायचं, गाणाऱ्यानं त्याच वेगानं म्हणायचं, कॅमेरा सेकंदाला ५० फ्रेमवर ठेवायचा आणि एडिटिंगमध्ये २५ वर आणून वेग निम्मा करायचा. लांब सुरांच्या ओळींनाच हे जमतं. आदल्या रात्री सराव करून घ्या.

खर्च असा झाला: ध्वनिमुद्रण ३,०००, लेन्स आणि ट्रायपॉडचं भाडं २,२००, पाच जणांचा एसटीनं जाण्या-येण्याचा प्रवास २,५०० (आम्ही तिघी मुली, आम्हाला अर्धं तिकीट), आज्जींच्या घरी किराणा ९००. उरलेले ९०० दुसऱ्या खेपेत गेले, वरचे खिशातून. किराण्यात काटकसर करू नका. पाच जण दोन दिवस एखाद्याच्या चुलीवर जेवतात.

व्हिडिओ झाल्यावर मैत्रिणीनं आज्जींना फोनवर दाखवला. त्यांनी पूर्ण बघितला आणि विचारलं, "जात्याचा आवाज कुठंय गं?" आमच्या सगळ्या क्लिपांत स्पीकरवरचं गाणं मिसळलेलं होतं, नुसत्या जात्याची घरघर एकाही क्लिपमध्ये नव्हती. मैत्रीण पुढच्या सुट्टीत गावी गेली, जात्याशेजारी पोतं अंथरून त्यावर फोन ठेवला आणि आज्जींनी पायलीभर ज्वारी दळली. त्यातले बारा सेकंद आम्ही गाण्याच्या आधी, काळ्या पडद्यावर लावले.