माथेरान पायी फिरायचं तर तयारी परतीपासून

मुंबईहून सकाळी निघून रात्री घरी यायचं असेल, तर माथेरानची तयारी परतीपासून सुरू करावी, असं माझं ठाम मत आहे. कुठले पॉइंट बघायचे हे नंतर. आधी पायथ्याच्या नेरळ स्टेशनहून परतीची कुठली लोकल धरायची ते ठरवा आणि तिथून उलटं मोजत या. दस्तुरी नाक्यावर, म्हणजे गाड्या वर जिथपर्यंत येतात तिथे, टॅक्सी भरेपर्यंत थांबणं आणि घाट उतरणं मिळून तासभर हाताशी ठेवा. बाजारपेठेपासून दस्तुरीपर्यंत चालत पाऊण तास. नोव्हेंबरात सूर्य सहाच्या सुमारास मावळतो आणि दाट झाडीखालच्या वाटांवर त्याच्याही आधी अंधारून येतं. म्हणजे लांबच्या पॉइंटवरून चारला मागे फिरायचंच. ही वेळ सकाळी लोकलमध्येच सगळ्यांना सांगून ठेवा, कारण वर गेल्यावर ‘अजून एकच पॉइंट’ हा मोह प्रत्येकाला होतो.

रविवारी जाणार असाल तर रुळांच्या कामासाठी गाड्या बंद ठेवणारा मेगाब्लॉक आहे का, ते आदल्या रात्री बघा. गाडी कर्जत किंवा खोपोलीचीच हवी, कारण कल्याणनंतर कसाऱ्याचा मार्ग वेगळा होतो. सीएसएमटीहून नेरळला साधारण दोन तास लागतात. तिकीट जाता-येताचं एकदमच काढा.

मिनी ट्रेनबद्दल मुलांना शब्द देण्याआधी चौकशी करा. १९०७ मध्ये सुरू झालेली ही दोन फुटी रुळांची गाडी सुमारे २१ किलोमीटर चढते. २०१९च्या पावसात मार्ग वाहून गेल्यावर नेरळहून वर जाणाऱ्या फेऱ्या ऑक्टोबर २०२२ मध्येच पुन्हा सुरू झाल्या, आणि पावसाळ्यात हा टप्पा दरवर्षी बंद असतो. फेऱ्या मोजक्या, जागा थोड्या. त्यामुळे दिवस चालण्यासाठी ठेवला असेल तर दस्तुरीपर्यंत टॅक्सी आणि पुढे पायी, हेच बरं. सोबत आई-बाबा असतील तर नाक्याजवळच्या अमन लॉज स्टेशनवरून गावापर्यंत मिनी ट्रेनचीच शटल मिळते. घोडा करणार असाल तर कुठले पॉइंट आणि किती पैसे, हे बसण्याआधी स्पष्ट बोलून घ्या.

सगळ्यात जास्त विचार बुटांचा करा. इथली जमीन जांभ्याची आहे. कोरड्या दिवसांत उतारावरच्या सुट्या मुरमावर पाय सरकतो, पावसात त्याच दगडावर शेवाळ धरतं. तळ गुळगुळीत झालेले बूट नकोत, आणि कोरे करकरीत तर नकोतच. महिनाभर पायात रुळलेली, तळाला चांगली पकड असलेली जोडी न्या. पायाची नखं आदल्या दिवशी कापा, उतरताना ती बुटाच्या टोकावर आपटून फार दुखतात. मोज्यांचा एक जोड जादा असू द्या. पांढरे कपडे घरीच ठेवा, लाल धूळ धुवून जात नाही. क्रेप बँडेज नक्की घ्या. दस्तुरीच्या पुढे खासगी गाड्यांना बंदी आहे, तेव्हा लांबच्या पॉइंटवर पाय मुरगळला तर आधार घेत चालतच बाजार गाठावा लागेल.

सामान पाठीवरच्या सॅकमध्ये, हात मोकळे. माणशी दोन लिटर पाणी. पोळी-भाजीची गुंडाळी, केळी, शेंगदाणे-गूळ, पण सगळं सॅकच्या आत, चेन लावून. हातातली पिशवी माकडं हमखास ओढतात, आणि त्यांना खायला घालून ती सवय आपणच लावली आहे. सुटे पैसे, टॉर्च, चार्ज केलेली पॉवर बँक. नकाशा फोनमध्ये आधीच उतरवून ठेवा, झाडीत रेंज जाते.

एका दिवसात सगळं माथेरान करायला जाऊ नका, एकच बाजू धरा. माझी पसंती पश्चिमेला आहे: शार्लोट तलाव, पिसारनाथाचं देऊळ, मग एको आणि लुईसा पॉइंट. समोर प्रबळगड असतो आणि तिथे निवांत बसायला वेळ हवाच. तलाव गावाला पिण्याचं पाणी मिळावं म्हणून बांधलेला आहे, त्यात पाय धुवायला उतरू नका. पॅनोरमा उत्तर टोकाला लांब आहे, तो मुक्कामाच्या पहाटेसाठी राखा. वन ट्री हिलखालून शिवाजी लॅडरने चौककडे उतरायचं किंवा भिवपुरीहून गार्बेटच्या पठाराने चढायचं असेल, तर वाट माहीत असलेला माणूस सोबत हवा. तो मिळाला नाही, तर बेत बदला.

उरली कचऱ्याची पिशवी. ती रिकामी, सॅकच्या वरच्या कप्प्यात ठेवा. केळीच्या सालींसकट सगळं तिच्यात भरून खाली आणा, नेरळ स्टेशनवर कचऱ्याचा डबा दिसेपर्यंत.