सायकल आणि स्नोशू घेऊन वॉशिंग्टन पासला निघताय? या चुका टाळा

वॉशिंग्टन पास ही अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यातल्या नॉर्थ कॅस्केड्स हायवेवरची (राज्य मार्ग 20) खिंड. हा रस्ता हिमप्रपातांमुळे, म्हणजे उतारावरून कोसळणाऱ्या बर्फाच्या लोंढ्यांमुळे, हिवाळाभर बंद असतो. वसंतात बर्फ काढणारी यंत्रं दोन्ही बाजूंनी वर सरकू लागतात. मग काही आठवडे फाटकापलीकडे मोकळं डांबर मिळतं, गाडी एकही नाही. तिथवर सायकल, पुढे स्नोशू (बर्फात रुतू नये म्हणून बुटाखाली बांधायच्या रुंद चौकटी). सिएटलकडच्या आपल्या मंडळींना हा बेत भुरळ घालतो, पण तो फसतो तो बहुतेकदा वेळेच्या हिशोबात.

पहिली गफलत वाराची. सोमवार ते गुरुवार साधारणपणे काम चालू असतं आणि कामाच्या पट्ट्यात जायला मनाई असते. शुक्रवार ते रविवार धरा, आणि तरीही निघण्याआधी राज्याच्या वाहतूक खात्याची ताजी सूचना बघाच. दुसरी गफलत रस्त्याची: चढ सुरू होतो तो पासच्या पूर्वेकडच्या मझामा गावातून, आणि सिएटलहून तिथे जायचा जवळचा रस्ता नेमका हाच, बंद असलेला. स्टीव्हन्स पास या दुसऱ्या खिंडीवरून वळसा घालावा लागतो. त्यामुळे पहाटे घरून निघून चालत नाही. आदल्या रात्री मझामाला किंवा जवळच्या विन्थ्रॉप गावात मुक्काम करा.

मुक्कामाचा आग्रह एवढ्यासाठी की सकाळ हातची गेली तर सगळंच गेलं. पासजवळच्या लिबर्टी बेल या डोंगराच्या पूर्वेकडच्या घळी थेट रस्त्यावर उतरतात आणि त्यांच्यावर ऊन पडतं ते सकाळीच. रात्री कडक झालेला बर्फ तापला की आधी वरचा थर ओला होतो, मग वरून गोळे घरंगळू लागतात. गोळे दिसले, पाय घोट्याच्या वर रुतू लागला, की मागे फिरायचं. पास अर्ध्या तासावर असला तरी. रात्री बर्फ गोठलाच नसेल तर त्या घळींखाली जाऊच नका. सह्याद्रीत वाढलेल्यांना उन्हाचा त्रास डोक्याला होतो एवढंच ठाऊक असतं. इथे तो पायाखाली आणि डोक्यावर लटकलेला असतो. नॉर्थवेस्ट अॅव्हलांच सेंटरचा हिमप्रपाताचा अंदाज वाचल्याशिवाय निघू नये. स्नोशूने वजन पसरतं, हिमप्रपात थांबत नाही.

सामानाचं म्हणाल, तर स्नोशू नुसत्या बंजीने (ताणल्या जाणाऱ्या दोराने) कॅरिअरला अडकवू नका. दोर सैल पडला की पट्टा चाकात जातो. तळाशी तळ लावून, दाते आतल्या बाजूला ठेवून, दोन न ताणणाऱ्या पट्ट्यांनी आवळा.

चढताना जॅकेट काढा. पास 1,669 मीटरवर आहे आणि मझामाकडून चढ जवळपास हजार मीटरचा; घामाने भिजलेला बनियन उतरताना छळतो. कोरडा बनियन आणि जाड हातमोजे पिशवीत वेगळे ठेवा.

स्नोशूखाली बर्फाचे गोळे चिकटत असतील तर काठीने ठोकून पाडा. घरून निघतानाच तळाला सिलिकॉन स्प्रे मारला असेल तर त्रास कमी होतो. सायकल ठेवताना साखळीची बाजू वर ठेवा. गिअर दगा देत असतील तर बहुधा मागच्या दातांत बर्फ अडकलेला असतो. तो काडीने काढा, जोर लावू नका.

उतारावर मात्र घाई नको. दुपारी रस्त्यावरून वाहिलेलं पाणी सावलीच्या वळणांवर संध्याकाळी पुन्हा गोठतं, शिवाय वरून पडलेली खडी असतेच. ब्रेक वळणाआधी दाबा, वळणात नाही. मझामा सोडलं की बहुतेक ठिकाणी फोनला रेंज नाही, तेव्हा परतायची वेळ खाली कुणाला तरी सांगून ठेवा.