जुन्या मातीच्या धरणाची फेरी: आधी पायथा बघा

मातीचं धरण थोडंफार पाझरतंच. माझ्यासोबत पहिल्यांदा फेरीला येणाऱ्याला मी हे आधी सांगतो. नाहीतर पायथ्याशी ओल दिसली की माणूस घाबरतो आणि महिन्याभरात तिकडे बघायचंच सोडतो. डोळ्यात तेल घालून बघायचं ते पाझरासोबत माती येते का, हे.

जलाशय भरलेला असताना, पण दोन-तीन दिवस पाऊस नसताना जा. पावसाची ओल आणि धरणाची ओल तेव्हाच वेगळी कळते. पाझराचं पाणी काचेच्या बाटलीत भरा, तारीख लिहा, बाटली न हलवता ठेवा. तळाशी गाळ बसला तर अभियंत्यांना लगेच फोन करा, अहवाल मागाहून लिहा. अमेरिकेतल्या टेटन धरणावर 5 जून 1976 ला सकाळी गढूळ पाझर दिसला आणि दुपारी बाराच्या आत धरण फुटलं. ते नवं होतं, पहिल्यांदाच भरत होतं. पण आतून माती धुपण्याची रीत जुन्या भरावातही तीच.

व्ही-नॉचची, म्हणजे पाझर मोजायला बसवलेल्या V आकाराच्या खाचेच्या पट्टीची, नोंद नेहमी जलाशयाच्या पातळीशेजारीच लिहा. नॉचमधल्या पाण्याची उंची दुप्पट झाली की प्रवाह साडेपाच पटींहून जास्त होतो, त्यामुळे एखाद्या सेंटिमीटरची वाढही सोडू नका. पातळी तीच असताना पाझर एकदम घटला तरी खूश होऊ नका. निचऱ्याची चर किंवा फिल्टर तुंबला असेल, तर तेच पाणी भरावात दाब वाढवत बसतं.

जुन्या धरणात मला सगळ्यात जास्त काळजी मोरीची, म्हणजे भरावाखालून पाणी बाहेर सोडणाऱ्या नळीची, वाटते. तिच्याभोवतीची माती नीट दाबणं बांधतानाच अवघड असतं, त्यात वर्षानुवर्षांनी सांधे सुटतात, लोखंडी पाइप गंजतो. मोरीच्या तोंडाशी, पाइपाच्या बाहेरच्या अंगाने पाणी येतंय का बघा. मग माथ्यावर जाऊन बरोबर मोरीच्या रेषेत खड्डा किंवा खचल्याची खूण शोधा. 12 जुलै 1961 ला पानशेत फुटलं, तेव्हाही मोरीवरचा भराव आधी खचत गेला होता.

झुडपं, उंदीर-खेकड्यांची बिळं, ढासळलेलं पिचिंग (उतारावरचा दगडी थर), सांडव्यातला गाळ हे सगळं पावसाळ्याआधी उरका. मोठं झाड मात्र स्वतःहून उपटू नका. मुळांच्या जागी पोकळी राहते.

पायथ्याशी वाळू उकळ्या मारताना दिसली तर चिखल टाकून भोक बुजवायला धावू नका, पाणी दुसरीकडून फुटेल. आधी जाड वाळू, त्यावर खडी, त्यावर दगड असे थर द्या, म्हणजे पाणी निघून जाईल आणि माती अडेल. जलाशय किती वेगाने उतरवायचा हे अभियंत्यांना ठरवू द्या, कारण पाणी झपाट्याने उतरलं की जलाशयाकडचा ओला उतार घसरतो. तोवर पायथ्याशी एक माणूस कायम ठेवा आणि नदीकाठच्या गावांना कळवायला दुसरा मोकळा ठेवा.