नवऱ्यासाठी टॅब घ्यावा की लॅपटॉप? आधी आठ दिवस वही लिहा

आमच्या घरात एक लॅपटॉप आहे. सध्या त्यावर इस्त्रीला द्यायचे कपडे असतात. आमचे हे एसटीच्या वर्कशॉपमधून निवृत्त झाले तेव्हा मीच तो सांगलीच्या विश्रामबागेतल्या दुकानातून हप्त्यावर घेऊन दिला. मी कॉलेजच्या ऑफिसात पंचवीस वर्षं कीबोर्ड बडवलाय, त्यामुळे यांनाही तोच लागणार असं मी धरून चालले. म्हणजे नाव त्यांचं, पण घेतला मी माझ्यासाठी.

गाडी डेपोत शिरताना नुसत्या आवाजावरून गिअरबॉक्समध्ये काय बिघडलंय ते सांगणारा हा माणूस. पण टचपॅडवर बोट फिरवताना स्क्रीनवरचा बाण हरवला की पार हताश व्हायचा. "अगं, तो बाण कुठं गेला बघ जरा." पंधरा दिवसांनी त्यांनी बाण शोधणं सोडलं, आणि लॅपटॉपही.

पुढं टॅब घेताना मात्र मी नीट रीत लावली. बायकोसाठी घेणार असाल तरी रीत हीच, फक्त जिथं मी 'हे' म्हणते तिथं 'ही' वाचा.

पायरी १: विचारू नका, लिहून ठेवा

"तुम्हाला काय हवंय?" या प्रश्नाला आपल्याकडं एकच उत्तर मिळतं, "मला काही नको." म्हणून आठ दिवस एक वही करा. ते फोनवर काय काय करतात, कुठं अडतात आणि कशासाठी तुम्हाला हाक मारतात, एवढंच लिहायचं. त्यांना सांगून लिहा, नाहीतर पाळत ठेवल्यासारखं होतं.

आमची वही जुलैतली. पहिल्याच पानावर 'आयर्विनची पातळी बघणे, अकरा वेळा' असं आहे. आयर्विन म्हणजे कृष्णेवरचा पूल, पुराचं पाणी तिथंच मोजतात; सांगलीकराला हे समजावायला नको. ४० फुटांना इशारा आणि ४५ फुटांना धोका ही सरकारी मोजणी झाली, आमच्या घरात पंचवीस फुटांपासूनच चर्चा सुरू होते. मग पुण्याच्या नातवाशी व्हिडिओ कॉल, आठवड्यात चार. रोज रात्री तासभर नाट्यसंगीत, फोन वाटीला टेकवून. सोसायटीचं सेक्रेटरीपण गळ्यात पडलंय, त्यामुळे ग्रुपवर सूचना टाकणं, तीही माइकचं चित्र दाबून, बोलून. कुणी पीडीएफ पाठवली की अक्षर बारीक म्हणून फोन माझ्या हातात. आणि महिन्यातून एकदा सोसायटीचा जमाखर्च; तो ते कागदावर मांडतात, मी एक्सेलमध्ये भरते.

आता याचे दोन ढीग करा. बघणं, ऐकणं, बोलणं, वाचणं एका बाजूला. लिहिणं, आकडे जुळवणं, छापणं दुसऱ्या बाजूला. दुसरा ढीग आठवड्याला दोनेक तासांच्या आत बसत असेल तर टॅबकडं झुका आणि पुढच्या दोन पायऱ्या वाचून खात्री करा. हा दोन तासांचा हिशोब माझा आहे, कुठल्या कंपनीचा नाही. आमचा दुसरा ढीग महिन्याला तीन तासांचा निघाला, त्यातही निम्मं काम मीच करत होते.

पायरी २: डोळे, बोटं आणि खुर्ची

दुकानातला कुणी हे विचारत नाही. खरं तर निवड इथंच ठरते.

वाचायचा चष्मा साधारण ३५ ते ४० सेंटिमीटर अंतरासाठी बनवलेला असतो, म्हणजे हातात पेपर धरतो तेवढं. टेबलावरच्या लॅपटॉपची स्क्रीन त्याहून लांब पडते, ५० ते ६५ सेंटिमीटरवर. जवळचा नंबर तिथं पोचत नाही आणि लांबचा फार लांबचा होतो. मग माणूस हनुवटी वर करून काचेच्या खालच्या भागातून बघतो, नाहीतर स्क्रीनवर वाकतो. आमचे हे वाकायचे, मान धरायची, आणि मी आपली 'लक्षच देत नाहीत' म्हणून चिडायचे. टॅब पेपरच्या अंतरावर धरता येतो, त्याच चष्म्यातून दिसतो, शिवाय दोन बोटांनी ताणलं की अक्षर मोठं होतं. जोडीदार पंचेचाळिशीच्या पुढं असेल आणि तरीही लॅपटॉपच घ्यायचा ठरला, तर डोळ्यांच्या डॉक्टरांना स्क्रीनचं अंतर मोजून सांगा. त्या अंतराचा वेगळा चष्मा मिळतो.

बोटांचं उलटं आहे. टचस्क्रीन दाबावर चालत नाही, बोटातून होणाऱ्या विजेच्या सूक्ष्म बदलावर चालते. ज्यांच्या बोटांना घट्टे पडलेत किंवा हिवाळ्यात कातडी कोरडी पडते, त्यांचं बोट स्क्रीनला कळतच नाही. मेकॅनिक, शेतकरी, गवंडी, भांडी घासून हात रखरखीत झालेल्या बायका, सगळ्यांची ही तक्रार असते. मग ते जोरात दाबतात, स्क्रीन त्याला 'लांब दाबणं' समजते आणि भलताच चौकोन उघडतो. यावर रबरी टोकाचा साधा स्टायलस पेन पुरतो. काही टॅबमध्ये स्पर्शाची संवेदनशीलता वाढवायची सोयही असते. हात कापत असतील तर मात्र टॅबपेक्षा लॅपटॉपला जोडलेला चांगला जाड माउस बरा.

तिसरी खुर्ची. ते बसतात कुठं? आमच्याकडं गॅलरीतली आरामखुर्ची. अकरा इंची टॅब साधारण अर्धा किलोचा, लॅपटॉप दीड किलोच्या पुढचा, तोही मांडीवर तापणारा. टेबल-खुर्चीवर बसायची सवय नसलेला माणूस लॅपटॉपसाठी नवी सवय लावून घेईल, ही आशा सोडा. अर्धा किलोही तासभर हातात धरवत नाही, म्हणून उभं राहणारं कव्हर टॅबबरोबरच घ्या. वाटीची सुटका होते.

पायरी ३: लॅपटॉपला पर्याय नाही अशी कामं

मिरजेच्या माझ्या नणंदेची गोष्ट अगदी उलटी. ती घरी शिकवण्या घेते. 'तिला सोपं पडेल' म्हणून तिच्या नवऱ्यानं टॅब आणला. प्रश्नपत्रिकेत उजवीकडं गुण, मध्ये अपूर्णांक, खाली जोड्या लावायचा तक्ता. काचेवर बोट घासून हे करता करता ती रडकुंडीला आली. तिला तंत्र येत नव्हतं असं नाही. तिचं काम कीबोर्डचं होतं.

वहीत यातलं एक जरी नियमित दिसलं तर लॅपटॉप घ्या: टॅलीवर हिशोब, कारण मूळ टॅली विंडोजवर चालते, डिजिटल सहीचा यूएसबी टोकन (पेन ड्राइव्हसारखा खोचायचा), ज्याचे ड्रायव्हर, म्हणजे तो चालवणारी सॉफ्टवेअर, कॉम्प्युटरसाठीच बनवलेले असतात, दहा-बारा रकान्यांची एक्सेल, रोज पानभर मराठी मजकूर, किंवा पेन ड्राइव्ह आणि प्रिंटरशी सततची देवघेव.

'टॅबला कीबोर्ड जोडला की झाला लॅपटॉप' असं दुकानदार सांगतो. अधूनमधून चार ओळींचं पत्र लिहायला ते खरंय. रोजच्या कामाला नाही.

पायरी ४: टॅब घेण्याआधी त्याच्या खोड्या

फोन सुटत नाही. यूपीआयची नोंदणी बँकेतल्या नंबरच्या सिमशी आणि त्या हँडसेटशी बांधलेली असते, त्यामुळे नुसत्या वाय-फायच्या टॅबवरून भाजीवाल्याला पैसे देता येतील असं समजू नका. मला विचाराल तर हे चांगलंच आहे. पैसे फोनवर, करमणूक टॅबवर.

व्हॉट्सअ‍ॅप टॅबवर चालतं, ते फोनचं जोडलेलं उपकरण म्हणून. क्यूआर कोड एकदा स्कॅन करायचा. अशी चार उपकरणं जोडता येतात. मात्र फोनवरचं व्हॉट्सअ‍ॅप चौदा दिवसांत एकदा तरी उघडलं पाहिजे, नाहीतर टॅबवरचं बंद पडतं. आयपॅडसाठीचं अ‍ॅप २०२५ मध्ये आलं, त्यामुळे 'आयपॅडवर व्हॉट्सअ‍ॅप नाही' हे कुणी अजून सांगत असेल तर ते जुनं झालं.

एक्सेलची मेख मला नंतर कळली. १०.१ इंचांपेक्षा मोठ्या स्क्रीनवर मायक्रोसॉफ्टचं एक्सेल फुकटात फक्त वाचता येतं, बदल करायचे तर वर्गणी भरा. गूगल शीट्सला ही अट नाही. आमचा जमाखर्च आता तिथंच आहे.

पायरी ५: दुकानात तुम्ही गप्प बसा

जोडीदाराला घेऊनच जा. सरप्राइज देऊ नका; सरप्राइज साडीला ठीक आहे, तीसुद्धा बदलून आणावी लागते. दुकानात चार गोष्टी त्यांच्याच हातानं करून बघायच्या: स्वतःचं नाव मराठीत लिहिणं, एकदा टाइप करून आणि एकदा बोलून, एक पीडीएफ उघडून मोठी करणं, आवडीचं गाणं लावून आवाज पुरतो का बघणं, आणि बंद करून पुन्हा चालू करणं. तोवर तुम्ही हात मागं बांधून उभं राहायचं. "तिकडं नाही हो, वर वर" असं एकदा जरी म्हणालात तरी परीक्षा रद्द.

आमच्या ह्यांनी टॅबवर नाव बोलून लिहिलं आणि आडनावात वेलांटी चुकली म्हणून पुन्हा बोलून दुरुस्त केलं. मला तेवढ्यात कळलं.

आकड्यांचं थोडक्यात. अँड्रॉइड टॅब अकरा इंचांच्या आसपासचा, सहा किंवा आठ जीबी रॅम आणि १२८ जीबी साठवण. अपडेट किती वर्षं मिळणार ते विचारा; उत्तर गोलमोल आलं तर ते मॉडेल सोडा. आयपॅड टिकतो, पण घरात सगळे अँड्रॉइडवाले असतील तर अडल्यावर शिकवणार कोण? लॅपटॉप आठ जीबी रॅम आणि एसएसडीच्या (म्हणजे वेगवान साठवणीच्या) खाली नको. विंडोज ११ कागदावर चार जीबीत चालतं, घरात नुसतं गोल गोल फिरतं. मुलाचा जुना लॅपटॉप आईबाबांना द्यायचा बेत असेल तर आधी त्यावर विंडोज ११ चढतं का ते बघा. विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपलाय, आणि फसवणुकीला सगळ्यात सोपं गिऱ्हाईक असलेल्या माणसाच्या हातात असुरक्षित मशीन देण्यात काटकसर नाही.

बिल जोडीदाराच्या नावानं करा.

पायरी ६: पहिली संध्याकाळ

खोका उघडल्यावर लगेच हातात देऊ नका. त्याआधी तासभर तुमचं काम आहे. अक्षराचा आकार वाढवा. भाषा मराठी करायची का ते त्यांना विचारा; आमच्या ह्यांना 'सेटिंग्ज' कळतं, 'सेटिंग्ज'चं शुद्ध मराठी कळत नाही. पहिल्या पानावर वहीतली पाच-सहा चित्रंच ठेवा, बाकी खेळ, खरेदी, कंपनीनं कोंबलेली अ‍ॅप काढून टाका. नोटिफिकेशन व्हॉट्सअ‍ॅप सोडून सगळी बंद. खातं त्यांच्या स्वतःच्या ईमेलचं हवं. मी लॅपटॉपवर माझंच चालवलं होतं आणि माझ्या ऑफिसचे मेल त्यांना दिसायला लागले. मग ते 'काहीतरी पुसलं जाईल' म्हणून हात लावेनात.

मग सोसायटीच्या कागदांचे फोटो काढून गूगल ड्राइव्हमध्ये (इंटरनेटवरच्या कपाटात) ठेवायला शिकवा. २०१९ च्या पुरात भिजलेल्या फायली ज्यांनी गच्चीवर वाळत घातल्या, त्यांना हे शिकायला दुसरं कारण लागत नाही. आमच्याकडं सगळ्यात लवकर हेच जमलं.

फसवणुकीबद्दल एकच नियम, पण पक्का: व्हॉट्सअ‍ॅपवर आलेली कुठलीही एपीके फाइल (म्हणजे अ‍ॅप बसवणारी फाइल) उघडायची नाही, मग ती वाहतुकीच्या दंडाची असो, वीजबिलाची असो की लग्नाच्या पत्रिकेची. फोनवर कुणी 'स्क्रीन दाखवा' म्हणालं की फोन ठेवायचा. चुकून पैसे गेलेच तर लगेच १९३०, सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन. आमच्या टॅबच्या मागं हा नंबर मार्करनं लिहिलाय.

आणि शिकवताना टॅब त्यांच्या हातातून ओढून घेऊ नका. हे मला सगळ्यात जड गेलं. त्यांना चार मिनिटं लागणारं काम मी चार सेकंदांत करते, पण मी केलं की दुसऱ्या दिवशी पुन्हा हाक येते. एक जुनी डायरी त्यांच्या हाती द्या आणि शिकलेलं त्यांच्याच शब्दांत लिहायला सांगा. आमच्या डायरीत पहिल्या पानावर, वर्कशॉपच्या जॉबकार्डावर लिहायचे तशा सरळ अक्षरात लिहिलंय: "खालचा चौकोन दाबला की मागं उघडं राहिलेलं सगळं दिसतं. काही बिघडलेलं नसतं."